तोटी कुणाच्या हातात?

घरातलं पाण्याचं सगळं काम बाईचं. पाणी किती वाजता येणार हे लक्षात ठेवायचं, त्या वेळेला उठायचं, भरायचं, गाळायचं, पुरवायचं, आणि संपत आलं की घरातल्या सगळ्यांना बजावत फिरायचं. पण हेच पाणी ज्या तोटीतून येतं ती गळायला लागली की काम अचानक पुरुषाचं होतं. मग 'ह्यांना वेळ मिळेल तेव्हा', 'भाऊजी आले की', 'प्लंबर फोन उचलेल तेव्हा' अशी वाट पाहणं सुरू होतं. तोवर नळाखाली बादली लावायची, ती भरली की उचलायची, रात्री टपटप ऐकू येऊ नये म्हणून तोटीला चिंधी बांधायची. म्हणजे नळ दुरुस्त करण्याचं काम आपलं नाही, पण नादुरुस्त नळ सांभाळण्याचं काम मात्र आपलंच!

स्त्री-चळवळीच्या अंकात नळाच्या वायसरवर लेख कशाला, असं काही मैत्रिणी म्हणतील. हिंसा, जमीन, रोजगार, आरोग्य असे एवढे मोठे प्रश्न पुढ्यात असताना गळक्या नळाचं काय घेऊन बसलात? माझं म्हणणं असं आहे की पाण्यासाठी आपण हंडे घेऊन मोर्चे काढले, पाणी मागितलं, पाणी वाहिलं. पण पाणी आणणारी यंत्रणा, म्हणजे पाईप, कॉक, तोटी आणि पंप, पुरुषांच्या ताब्यात राहू दिली. हंडा आपल्या डोक्यावर आणि पाना त्यांच्या हातात ही वाटणी मोडल्याशिवाय पाण्यावरचा आपला हक्क अर्धाच राहणार आहे. ती मोडायची सुरुवात घरातल्या नळापासून करता येते, कारण ते काम खरोखरच अवघड नाही. फक्त ते करताना एका सापळ्यात न अडकण्याची काळजी घ्यायला हवी. त्या सापळ्याबद्दल पुढे बोलूच.

हक्क मिळाला, पुढे काय?

महाराष्ट्राला पाण्याच्या लढ्याची मोठी परंपरा आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचं कागदावर आलं. पण प्रत्यक्षात कोणी पाण्याला हात लावू देईना. त्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. गोरेगावच्या वस्त्यांमध्ये पाणी यावं म्हणून मृणाल गोरे एवढ्या भांडल्या की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणूनच ओळखू लागले. आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेला बजावलं की झोपडी अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही.

या सगळ्या लढ्यांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ठराव होणं आणि पाण्याला हात लागणं यांत अंतर असतं. आज ते अंतर वेगळ्या रूपात समोर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'जल जीवन मिशन' जाहीर केलं तेव्हा देशातल्या ग्रामीण भागात सुमारे सव्वातीन कोटी घरांमध्ये नळ होता. २०२५ पर्यंत तो आकडा पंधरा कोटींच्या वर गेला, असं सरकारी नोंदी सांगतात. नळ येणं ही चांगलीच गोष्ट आहे. डोक्यावरचा हंडा उतरतो, मुलींची शाळा वाचते, हे आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. पण पंधरा कोटी नळ म्हणजे पंधरा कोटी तोट्या, आणि प्रत्येक तोटीत झिजणारा एक तुकडा. तो कोण बदलणार, याचं उत्तर उद्घाटनाच्या पाटीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

गावोगावी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना दिसते : 'नळांना तोट्या बसवा, अन्यथा नळजोडणी तोडण्यात येईल.' वाचल्यावर वाटतं की लोक निष्काळजी आहेत, विशेषतः बायका. पण थोडं खोलात जा. पाणी दिवसाआड, कधी चार दिवसांनी, तेही तासभर येतं. येण्याची वेळ पक्की नसते. मग बाई तोटी काढून ठेवते किंवा उघडी ठेवते, म्हणजे पाणी आल्याचा आवाज कामात असली तरी ऐकू येतो. उघडा पाईप ही तिची घंटा असते! एकदा बसवलेली तोटी आटे खराब झाल्याने गळायला लागली की दुसरी आणायला तालुक्याला कोण जाणार, आणि बसवणार कोण, हाही प्रश्न असतोच.

याचा परिणाम मात्र सगळ्यांवर सारखा होत नाही. वरच्या आळीतल्या तोट्या उघड्या राहिल्या की पाईपमधला दाब पडतो आणि शेवटच्या घरांपर्यंत पाणी पोचतच नाही. गावाच्या टोकाची शेवटची घरं बहुधा कोणाची असतात हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. शिवाय पाईपमधला दाब गेला की जमिनीतल्या गळक्या सांध्यांतून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं, आणि पुढच्या पाण्याबरोबर तेच हंड्यात येतं. पोरांना जुलाब झाले की रात्रभर उशाशी कोण बसतं? म्हणून तोटी ही खाजगी किरकोळ बाब नाही. एका घरातली गळती दुसऱ्या घराचं पाणी असतं.

शहरातला हिशोबही करून पाहा. गळक्या नळाखाली एक लिटरचा तांब्या ठेवा आणि तो भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. तासाभरात भरला तर दिवसाला २४ लिटर, वर्षाला ८,७६० लिटर पाणी गेलं. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं प्रमाण धरलं आहे. म्हणजे एका गळक्या तोटीतून रोज एका माणसाचं जवळजवळ निम्मं पाणी वाहून जातं. ज्या वस्तीत पाणी विकत घ्यावं लागतं तिथे याचे पैसे होतात, आणि ते घरखर्चातूनच जातात.

तोटीच्या आत आहे काय?

आता जरा तोटीकडे वळू. गूढ वाटणारी गोष्ट उघडून पाहिली की तिचा धाक कमी होतो, हे आपण आरोग्य शिबिरांमधून शिकलो आहोत. आपल्या शरीराचं जसं, तसंच हे.

जुन्या पद्धतीच्या पितळी नळात वरची मूठ फिरवली की आतला दांडा आट्यांवरून खाली-वर होतो. दांड्याच्या टोकाला रबराची एक चकती असते, तिला आपण वायसर म्हणतो. पूर्वी ती चामड्याची असे. आत पाण्याच्या भोकावर पितळेची कड असते. नळ बंद केला की वायसर त्या कडेवर दाबून बसतो आणि पाणी थांबतं. एवढंच! वायसर झिजला, चिरला किंवा कडक झाला की फट राहते आणि नळ ठिबकतो.

ठिबकायला लागला की आपण काय करतो? अजून जोरात आवळतो. त्याने वायसर आणखी चिरतो, कडेला खाचा पडतात आणि आट्यांवर ताण येतो. अनेक घरांत याचा ठपका धुणं-भांडी करणाऱ्या बाईवर येतो : 'तुला नळ नीट बंद करता येत नाही.' खरं तर दिवसातून वीस वेळा तो नळ उघडणाऱ्या तिलाच नळ बिघडल्याचं सगळ्यात आधी कळलेलं असतं. पण तिने सांगितलेलं कोण ऐकतो?

गळती कुठून आहे ते पाहिलं की दोष कळतो. नळ बंद असताना तोंडातून ठिबकत असेल तर वायसर गेला आहे. नळ चालू असताना मुठीच्या खालून पाणी येत असेल तर दांड्याभोवतीचं भरण सैल झालं आहे. बऱ्याचदा वरचा नट थोडा आवळला तरी भागतं. भिंतीशी जोडाजवळ पाणी झिरपत असेल तर आट्यांवरची टेप किंवा सूत गेलं आहे. आणि धार बारीक येत असेल तर तोंडाची जाळी काढून पाहा. खारं पाणी असलेल्या भागात तिथे पांढरे क्षार साचतात. जाळी रात्रभर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की ते सुटतात.

वायसर बदलायला लागतं ते असं : एक पाना, एक पक्कड, एक स्क्रू-ड्रायव्हर, नवा वायसर आणि एक जुनं फडकं. आधी पाणी बंद करायचं. त्या नळाचा वेगळा कॉक असेल तर तो, नाहीतर गच्चीवरच्या टाकीचा. मग नळ उघडून पाईपमधलं उरलेलं पाणी जाऊ द्यायचं. मोरीच्या जाळीवर फडकं टाकायचं, म्हणजे छोटा स्क्रू हातातून निसटला तरी गटारात जाणार नाही. मूठ काढायची. खालचा मोठा नट पान्याने डावीकडे फिरवायचा, आणि तसं करताना दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरायचं. ही गोष्ट फार महत्त्वाची. अंग धरलं नाही तर सगळा नळच फिरतो आणि भिंतीतला पाईप तुटू शकतो. मग काम खरोखरच हाताबाहेर जातं. दांडा बाहेर आला की टोकाचा जुना वायसर काढून त्याच मापाचा नवा बसवायचा. दुकानात जाताना जुना वायसर बरोबर न्यायचा, म्हणजे माप चुकत नाही. आत बोट घालून पितळेची कड चाचपायची. गुळगुळीत असेल तर उत्तम. खाचा लागल्या तर नवा वायसर फार दिवस टिकणार नाही, नळच बदललेला बरा.

नळ बदलतानाही तत्त्व तेच. घरातले बहुतेक साधे नळ अर्ध्या इंचाचे असतात. जुना नळ डावीकडे फिरवून काढायचा, पाईपच्या आतले आटे पुसायचे, नव्या नळाच्या आट्यांवर पांढरी टेप घट्ट गुंडाळायची. आटे आपल्याकडे धरले तर टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळावी लागते. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटून येते. प्लास्टिकचा नळ असेल तर शेवटचा फेरा हातानेच द्यायचा, पान्याने आवळला की आटे जातात. हल्ली पाव फेऱ्यात उघडणारे जे नळ आले आहेत त्यांत वायसरऐवजी चिनी मातीच्या दोन चकत्या असलेला एक सबंध भाग असतो. तो दुरुस्त होत नाही, तो काढून तसाच दुसरा घालायचा.

ज्या हातांना शिवणयंत्राची बॉबिन बसवता येते, प्रेशर कुकरच्या झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी कळते, स्टोव्हची पिन मारता येते, त्या हातांना हे न येण्यासारखं यात काय आहे? कुकरची रिंग आणि नळाचा वायसर यांचं काम एकच. एक बायकांचं ठरलं आणि दुसरं पुरुषांचं ठरलं, एवढाच फरक!

हे कसब कोणाकडे कसं जातं?

'बायकांना यंत्रातलं कळत नाही' या समजाला उत्तर द्यायचं तर आधी पुरुषांना ते कसं कळतं हे पाहू. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात पट्टामुंडई नावाचा भाग आहे. देशभरातल्या मोठ्या शहरांत काम करणारे असंख्य प्लंबर या एका भागातून आलेले आहेत. आता तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. त्या मातीत प्लंबर जन्माला येतात का? नाही. कोणी एक शहरात गेला, काम शिकला, त्याने भावाला नेलं, भावाने मेव्हण्याला, त्याने पुतण्याला. हाताखाली राहून पाने द्यायचे, बघायचं, चुकायचं, पुन्हा करायचं. कसब रक्तातून येत नाही, ओळखीतून येतं. आणि त्या ओळखीच्या साखळीत बाई कुठेच नसते.

घरातही हेच घडतं. बाप नळ उघडून बसला की 'पक्कड आण रे' म्हणून मुलाला हाक मारतो. मुलीला हाक येते ती सांडलेलं पाणी पुसायला. दहा-बारा वर्षं असं झालं की मुलाला 'जन्मजात' येतं आणि मुलीला 'मुळातच आवड नसते'. आयटीआयमध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम आहे, मुलींना तिथे कायद्याने मज्जाव नाही. तरीही आपल्या गटांकडे कौशल्य प्रशिक्षणाचा प्रस्ताव आला की यादीत शिवण, ब्युटी पार्लर, पापड-लोणची हेच पुढे असतं. हा दोष सगळा सरकारचा नाही. आपणही कित्येकदा तीच यादी मुकाट्याने पुढे पाठवतो.

उलट उदाहरणं नाहीत असं नाही. राजस्थानातल्या तिलोनियाच्या संस्थेने १९८० च्या दशकात ग्रामीण बायकांना हातपंप दुरुस्त करायला शिकवलं. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात 'महिला समाख्या' कार्यक्रमात दलित आणि आदिवासी बायका हातपंपाच्या मिस्त्री झाल्या. हे किती मोठं होतं ते समजायला तो पंप समजून घ्यायला हवा. सोलापुरात तयार झालेल्या पोलादी पंपाच्या धर्तीवर १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा पंप आला आणि देशभर पसरला. त्यात खाली बिघाड झाला की लोखंडी पाईपांची सगळी रांग विहिरीतून वर ओढावी लागते. ते काम या बायकांनी केलं. ज्यांनी पंपाला हात लावला तर पाणी बाटतं असं सवर्ण वस्तीत मानलं जाई, त्यांनाच पंप बंद पडल्यावर बोलवावं लागलं. शिवाय दुरुस्तीची नोंद ठेवायची, सुट्या भागांची नावं वाचायची, म्हणून त्यांना अक्षरओळख हवीशी वाटू लागली. पुढे त्याच भागात नवसाक्षर बायकांनी 'महिला डाकिया' नावाचं पत्रक चालवलं आणि २००२ साली चित्रकूटमध्ये 'खबर लहरिया' हे बायकांनी चालवलेलं वृत्तपत्र सुरू झालं. पाना हातात आला की तो पाण्यापाशी थांबत नाही, एवढं यातून नक्की दिसतं.

पुढे 'मार्क थ्री' पंप निघाला. त्यात आतला झिजणारा भाग सगळे पाईप न काढता वर घेता येतो. म्हणजे दुरुस्ती 'जड' असणं हा निसर्गनियम नव्हता. यंत्र तसं घडवलं होतं, आणि ते वेगळं घडवताही येत होतं. कोणाच्या सोयीने घडवायचं, हाच प्रश्न होता.

आणखी एक बिनपगारी काम?

आता सापळ्याबद्दल. हा विषय निघाला की एखादी मैत्रीण हमखास म्हणते, 'स्वयंपाक आपण, पाणी आपण, म्हातारी माणसं आपण. आता नळही आपणच दुरुस्त करायचा का? मग पुरुषाने घरात करायचं काय?' हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकारच्याच वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरकाम करणारी बाई दिवसाला २९९ मिनिटं बिनपगारी घरकामाला देत होती आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ निघाले. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, तर पुरुषाचीही नऊ! अशा घरात 'बाईने सक्षम व्हावं' म्हणून तिच्या हातात पाना देणं म्हणजे तिच्या पाच तासांत आणखी भर घालणं होऊ शकतं.

गावाच्या पातळीवर हेच होताना दिसतं. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासण्याच्या पेटीचं प्रशिक्षण द्यायचं आहे. पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात असंही मार्गदर्शक सूचनांत आहे. चांगलं आहे. पण पंप चालवणारा, व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा, ज्याला ग्रामपंचायत महिन्याला पैसे देते, तो बहुतेक ठिकाणी पुरुषच असतो. कोणत्या आळीला किती वेळ पाणी हे तो ठरवतो. बायकांच्या वाट्याला येतो सहभाग, आणि त्याच्या वाट्याला पगार नि किल्ली!

म्हणून मला वाटतं की आपण शिकणं आणि राबणं यांत फरक करायला हवा. नळ दुरुस्त करता येणं हे ज्ञान आहे. ते प्रत्येक बाईला असावं, कारण ज्याला ज्ञान नाही त्याला वाट पाहावी लागते, फसवून घ्यावं लागतं आणि दुसऱ्याच्या मर्जीवर राहावं लागतं. वायसर गेला आहे हे जिला कळतं तिला 'सगळा नळ बदलावा लागेल, वरचा पाईपही गेलाय' असं सांगून कोणी लुबाडू शकत नाही. घरात एकटी असताना प्लंबर आला आणि तिच्याशी न बोलता 'साहेब कधी येतील?' विचारू लागला, तर ती त्याला कामच नेमकं सांगू शकते. पण ज्ञान आलं म्हणजे काम कायमचं तिच्या गळ्यात पडलं, असं होता कामा नये. तिने नळ उघडला असेल त्या दिवशी भात दुसऱ्याने लावायचा. मुलगी पक्कड धरत असेल तर फरशी मुलाने पुसायची. अदलाबदल झाली तरच वाटणी मोडते, नाहीतर नुसती भर पडते.

आणि जिथे हे काम बाहेरच्यांसाठी करायचं, तिथे त्याचा मोबदला ठरलाच पाहिजे. शाळेचा नळ, अंगणवाडीचा नळ, सार्वजनिक नळकोंडाळं 'बचतगटाच्या ताई बघतील' म्हणून फुकटात आपल्याकडे येणार असेल तर स्पष्ट नाही म्हणायचं. मिस्त्रीला जी मजुरी, तीच मिस्त्रीणीला.

पाणी तोडणं हीसुद्धा हिंसा

तोटीचा संबंध हिंसेशीही आहे. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बाईला घराबाहेर काढायचं ठरवलं की पहिला घाव बऱ्याचदा वीज आणि पाण्यावर पडतो. तिच्या खोलीकडे जाणारा कॉक बंद करायचा, मोरीची तोटी काढून न्यायची, टाकीला कुलूप घालायचं. मारहाणीचे वळ दिसतात, कोरडा नळ कोणाला दिसत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम ३ खाली आर्थिक छळाची व्याख्या आहे. नात्यामुळे ज्या सोयी वापरण्याचा बाईला हक्क आहे त्या वापरू न देणं हे त्यात येतं. तक्रार लिहून घेताना आपल्या कार्यकर्त्यांनी पाण्याचा प्रश्न आवर्जून विचारावा आणि अर्जात लिहावा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या एकट्या बायकांची अडचण वेगळी. नळ गळतो म्हणून सांगितलं की घरमालक म्हणतो, 'तुमचं तुम्ही बघा.' महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यातल्या कलम १४ प्रमाणे घर दुरुस्त स्थितीत ठेवणं हे घरमालकाचं कर्तव्य आहे, आणि कलम २९ प्रमाणे पाण्यासारखी आवश्यक सोय विनाकारण तोडता येत नाही. केंद्राने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात वायसर आणि नळ बदलणं भाडेकरूकडे, तर पाईप बदलणं घरमालकाकडे दिलं आहे. तो केवळ नमुना आहे. पण भाडेकरार करताना ही विभागणी दोघांच्या सहीने लिहून घेतली तर पुढची कटकट वाचते.

आपल्या गटांनी काय करावं?

पहिलं, प्रत्येक गटाने वर्षातून एकदा तरी अर्ध्या दिवसाचं नळ-शिबिर घ्यावं. त्याला फार काही लागत नाही. भंगारवाल्याकडून पाच-सहा जुने नळ आणले, दोन पाने, एक पक्कड आणि मूठभर वायसर घेतले की झालं. फळ्यावर आकृती काढून समजावण्यापेक्षा प्रत्येकीने नळ स्वतः उघडून पुन्हा जोडावा. पहिल्यांदा हात थरथरतात, दुसऱ्यांदा नाहीत. घरकामगार बहिणींना आवर्जून बोलवावं, आणि शिकणाऱ्या म्हणूनच नव्हे. कोणता नळ कसा बिघडतो हे त्याच जास्त सांगतील.

दुसरं, गटाच्या कार्यालयात पाने-पक्कडीची एक पेटी असावी आणि पुस्तकांसारखी ती सभासदांना नेता यावी. प्रत्येक घरात एक पाना असेलच असं नाही, आणि असलाच तर तो माळ्यावर ठेवलेला असतो.

तिसरं, जल जीवन मिशनखाली गावातल्या माणसांना नळजोडणी आणि दुरुस्ती शिकवण्याची 'नल जल मित्र' ही योजना आहे. आपल्या गावातून कोणाची नावं गेली ते विचारा. निम्मी नावं बायकांची असावीत असा ठराव महिला ग्रामसभेत करा. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे, तिचा उपयोग हळदी-कुंकवापलीकडे करून घेऊ या. पंचायतीत २०११ पासून अर्ध्या जागा आपल्या आहेत, तर पाणी सोडायच्या किल्लीवरही अर्धा दावा सांगायला हरकत काय?

चौथं, तोटी नसल्याबद्दल दंडाच्या नोटिसा निघतील तेव्हा पंचायतीला विचारा की पाणी येण्याची वेळ पक्की का नाही. वेळ पक्की करा, गावातल्या एका दुकानात वायसर आणि तोट्या ठेवायची सोय करा, मग दंडाचं बोला.

आणि पाचवं, मुलींना पक्कड द्या. खेळण्यातली नको, खरी.

नळ दुरुस्त करता आला म्हणून कोणाची मुक्ती होत नाही, हे मलाही मान्य आहे. धरणातलं पाणी कारखान्याला किती आणि वस्तीला किती, हा प्रश्न पान्याने सुटत नाही. त्यासाठी रस्त्यावरच यावं लागतं. पण मोर्चातून घरी परतल्यावर स्वयंपाकघरातला नळ ठिबकत असेल, तर तो बंद करायला कोणाची वाट पाहायची नाही, एवढं तर आजच ठरवता येईल. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरातला एक जुना वायसर घेऊन यावा. बोलायला सुरुवात तिथून करू.